गोंदियाच्या वाटा आणि चालण्याचा हिशेब

मैत्रिणींनो, हल्ली फिरून घरी आलो, की चपला काढायच्या आधी आपण मनगटावरचे घड्याळ नाहीतर मोबाईल बघतो. “आज दोनशे कॅलरी गेल्या गं!” असे म्हणून खूश होतो, आणि त्याच खुशीत चहाबरोबर एखादा समोसाही होऊन जातो. पण हा दोनशेचा आकडा येतो कुठून? तो खरा किती? आणि तो सगळ्यांना सारखाच लागू पडतो का?

हा हिशेब तसा सोपा आहे. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला तर अगदीच सोपा. पण नुसता कागदावर मांडला तर कंटाळा येईल, म्हणून आज तुम्हांला आमच्या गोंदिया जिल्ह्यात फिरायला नेते. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला खेटून असलेला हा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. धानाची शेते, तलाव आणि जंगल हे इथले वैभव. मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया जंक्शन आहे, त्यामुळे यायला अडचण नाही. आणि चालायला तर इथे सपाट रस्ता, चिखल, जंगलवाट, चढण असे सगळेच आहे. प्रत्येक वाटेवर हिशेब निराळा होतो, तो कसा ते पाहू या.

सपाट रस्ता : पहिला धडा

गोंदिया शहर सपाटीवर वसले आहे. पहाटे रस्त्यांवर, बागेत फिरणाऱ्या बायका दिसतात. पायांत कॅनव्हासचे बूट, अंगावर साडी नाहीतर पंजाबी ड्रेस, आणि चालता चालता सुनेपासून सिलिंडरच्या भावापर्यंत सगळ्या गप्पा. त्यांच्यातलीच एक साठ किलो वजनाची बाई घेऊ.

नियम असा : सपाट, टणक रस्त्यावर एक किलोमीटर चालायला दर किलो वजनामागे साधारण अर्धी कॅलरी लागते. म्हणजे वजनाच्या निम्मा आकडा हा दर किलोमीटरचा खर्च. साठ किलोच्या बाईला तीस, पन्नास किलोच्या बाईला पंचवीस, सत्तर किलोवालीला पस्तीस. (आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो तिचे शास्त्रातले नाव किलोकॅलरी, पण आपण आपले कॅलरीच म्हणू.)

मग घड्याळ जास्त का दाखवते? त्यातली गोम अशी. आपण नुसते पाट मांडून बसलो, तरी श्वास चालू असतो, हृदय चालू असते, अंग गरम राहते. त्याला तासाला दर किलोमागे सुमारे एक कॅलरी लागते. आपल्याकडच्या बायकांत ती थोडी कमीच भरते. साठ किलोची बाई तासाभरात पावणेपाच किलोमीटर चालली, तर घड्याळ दाखवील दोनशे. त्यातल्या साठेक तिच्या घरी बसूनही गेल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई उरली एकशेचाळीसच्या आसपास. दुकानदाराने पिशवीसकट भाजी तोलावी, तसाच हा प्रकार. म्हणून यंत्राच्या आकड्यातून तीस टक्के मनातल्या मनात वजा करत जा.

दुसरी गंमत बघा. हळू चाललात काय किंवा जरा झपझप चाललात काय, नेहमीच्या चालीत किलोमीटरमागचा खर्च फारसा बदलत नाही. झपझप चालल्याने तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापले जाते, हा फायदा. हृदयाला व्यायाम होतो, तोही वेगळाच. म्हणून वेळेपेक्षा अंतर मोजलेले बरे.

अंतर मोजायला घड्याळ लागतेच असेही नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावर किलोमीटरचे दगड असतात. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत पावले मोजा. सोळाशे भरली, तर तुमचे पाऊल बासष्ट-त्रेसष्ट सेंटिमीटरचे. एकदा मोजून ठेवले, की जन्मभर उपयोगी पडते. आणि रोज दहा हजार पावले चालायचे ते व्रत? तो आकडा कुठल्या वैद्याने सांगितलेला नाही बरं का! १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विकायला आले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे होते. तिथून तो आकडा जगभर गेला. आपल्या पावलांनी दहा हजार म्हणजे सहा-सव्वासहा किलोमीटर. जमले तर उत्तमच, पण सात हजार झाली म्हणून मन खट्टू करू नका.

गोंदिया ते नागपूर, आणि परत

आता वजन उतरवण्याचे बघू, कारण निम्म्या मैत्रिणींचा प्रश्न तोच असणार. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. साठ किलोच्या बाईला किलोमीटरला तीस. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे २५७ किलोमीटर. रेल्वेने गोंदिया ते नागपूर सुमारे १३० किलोमीटर आहे. म्हणजे एक किलो उतरवायला गोंदियाहून नागपूरला चालत जायचे आणि चालतच परत यायचे!

घाबरून जाऊ नका. हे एका दिवसात थोडेच करायचे आहे? रोज चार किलोमीटर चाललात, तर दोन महिने आणि वर चार-पाच दिवसांत तेवढे अंतर होते. अट एवढीच, की त्या दिवसांत ताटातले काही वाढता कामा नये. आणि तिथेच घोडे पेंड खाते. दोन चमचे साखर घातलेला दुधाचा एक कप चहा म्हणजे साठ-सत्तर कॅलरी, अर्थात दोन किलोमीटरांहून जास्त चाल. पोह्यांवर सढळ हाताने ओतलेले एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, चार किलोमीटर. फिरून आल्यावरच्या समोशाचा हिशेब मी सांगत नाही, तुम्हीच मांडा.

आणखी एक गैरसमज. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात घाम गाळत चालले, की जास्त चरबी जाते असे कित्येकींना वाटते. घामाने जाते ते पाणी. काटा अर्धा किलो खाली दाखवील, आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर होता तिथे येईल. उन्हात चालून लाभ काही नाही, ऊन लागण्याचा धोका मात्र आहे. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत फिरून या.

नवेगावच्या पाळीवरून

शहरापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगाव बांध आहे. इथला तलाव कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असे सांगतात. भोवती डोंगरांची रांग, मध्ये अथांग पाणी. भंडारा-गोंदियाकडे असे जुने तलाव गावोगावी आहेत. त्यांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजे बोलीत ‘मामा तलाव’ म्हणतात. पाणी अडवण्याचे कोहळ्यांचे कसब त्यांच्यावरून कळते. नवेगावचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी इथे वनाधिकारी म्हणून काही वर्षे काढली. त्यांच्या पुस्तकांतून हे जंगल महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचले.

हिवाळ्यात इथे दूरदेशीचे पाणपक्षी उतरतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालण्यासारखे सुख नाही. वाट मातीची असते. डांबरी रस्त्यापेक्षा कच्च्या वाटेवर चालायला साधारण दहा टक्के जास्त कॅलरी लागतात, झुडपांतून जाणाऱ्या पायवाटेवर वीस टक्के. पन्नास किलोची बाई पाळीवरून तीन किलोमीटर चालली तर पंचाहत्तरऐवजी ऐंशी-ब्याऐंशी. फरक क्षुल्लक, पण पक्षी बघायला मिळाले हा नफा! नागझिऱ्याच्या सफारीत मात्र गाडीतून खाली उतरायचे नाही. तिथे वाघाचे दर्शन झाले तरी चालण्याच्या खात्यावर भोपळाच.

कचारगडची चढण

आता सालेकसा तालुक्यात चला. दरेकसाजवळच्या डोंगरात कचारगडची प्रचंड गुहा आहे. गोंडी समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. या गुहेत कोंडलेल्या मुलांची पारी कुपार लिंगोने सुटका केली, अशी कथा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे यात्रा भरते. महाराष्ट्रातून, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. धनेगावहून डोंगराकडे माणसांची रांग लागते. कुणाच्या डोक्यावर गाठोडे, कुणाच्या कडेवर पोर.

चढणीचा हिशेब सपाटीहून वेगळा असतो. शंभर मीटर उंची चढली, की दर किलोमागे आणखी सुमारे ०.९ कॅलरी. पन्नास किलोच्या बाईला पंचेचाळीस. म्हणजे सपाट रस्त्यावर पावणेदोन किलोमीटर चालण्याइतके! शंभर पावलांत पाच पावले उंची वाढेल एवढी साधी चढण असली, तरी चालण्याचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. दहा किलोचे मूल कडेवर असेल, तर आईने आपले वजन साठ धरायचे. उतरताना कॅलरी कमी लागतात, पण गुडघ्यांवर भार जास्त येतो. पन्नाशी उलटलेल्या मैत्रिणींनी उतरताना हातात काठी घ्यावी, लाजू नये.

घरच्या जिन्याचेही सांगून टाकते. एक मजला म्हणजे तीनेक मीटर. पन्नास किलोच्या बाईची एका मजल्याला जेमतेम दीड कॅलरी जास्त जाते. जिना चढा, मांड्यांना आणि हृदयाला तो चांगला. पण ‘जिना चढते, मग लाडू चालेल’ असे म्हणू नका.

धानाच्या बांधीत

इथवर आपण हौसेचे चालणे पाहिले. आता ज्या चालण्याला कुणी व्यायाम म्हणत नाही, तिकडे वळू.

जुलै उजाडला, पाऊस धरला, की गोंदियाच्या बांध्यांत रोवणी सुरू होते. बांधी म्हणजे धुऱ्यांनी आखलेला धानाच्या शेताचा तुकडा. चिखल केलेल्या पाण्यात बायका ओळीने वाकून उभ्या राहतात आणि पऱ्हे रोवत एक-एक पाऊल मागे सरकतात. डोक्यावर इरले नाहीतर प्लास्टिकचा कागद, तोंडात गाणे. दूरवर एखादी सारस पक्ष्यांची जोडी दिसली तर नशीब. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे.

अमेरिकेच्या लष्करी संशोधकांनी १९७० च्या दशकात सैनिकांना निरनिराळ्या जमिनींवर चालवून मोजमापे केली. त्यांना असे दिसले, की दलदलीत चालायला टणक रस्त्याच्या जवळजवळ १.८ पट शक्ती लागते. म्हणजे पंचेचाळीस किलोच्या बाईला रस्त्यावर किलोमीटरला बावीस-तेवीस लागत असतील, तर चिखलात चाळीस. वर दिवसभर कमरेत वाकणे, ते निराळेच. मनगटावरच्या घड्याळाला यातले काही कळत नाही. हात पाण्यात आणि पाय चिखलात असले, की त्याला वाटते बाई जागच्या जागी उभी आहे!

उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुले पडतात. उजाडण्याआधी बायका टोपल्या घेऊन जंगलात जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि सरपण तर बाराही महिने. एक साधा हिशेब करू. पंचेचाळीस किलोची बाई जंगलवाटेने चार किलोमीटर गेली : सुमारे ११० कॅलरी. पंधरा किलो ओझे डोक्यावर घेऊन तेवढीच परत आली : सुमारे १४५. म्हणजे नुसते जाण्या-येण्यातच अडीचशेच्या वर. फुले वेचायला वाकले-बसले ते यात धरलेलेच नाही.

डोक्यावरच्या ओझ्याबद्दल एक नवलाची गोष्ट आहे. १९८६ साली ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांचा अभ्यास आला. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे डोक्यावर असले, तरी त्यांना जास्त शक्ती लागत नव्हती! पुढे इतर ठिकाणी मोजले तेव्हा सगळ्याच बायकांत असे दिसले नाही. आणि पाचवा हिस्सा म्हणजे पंचेचाळीस किलोच्या बाईला नऊ किलो. आपल्याकडच्या मोळ्या त्याहून जड असतात.

एकच आकडा, दोन अर्थ

मैत्रिणींनो, या सगळ्या फिरण्यातून सांगायचे होते ते इथे आहे. चालण्यात गेलेल्या अडीचशे कॅलरी आपल्याला जमा वाटतात. रोवणीवरच्या बाईला त्या उधारी असतात. त्याच दिवशी ताटातून फिटल्या पाहिजेत, नाहीतर अंगातून वजा होतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेली मापे पाहा. पंचावन्न किलोच्या, बैठे काम करणाऱ्या बाईला दिवसाला १,६६० कॅलरी पुरतात. मध्यम कष्टाच्या बाईला २,१३० लागतात, आणि जड कष्टाच्या बाईला २,७२०. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांत एक हजार साठचा फरक आहे. शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशे कॅलरी धरल्या, तर तीनशे ग्रॅम तांदळाएवढा! शिवाय गर्भारपणी रोज साडेतीनशे आणखी, आणि मूल अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने सहाशे.

आता आपल्या घरांतली रीत आठवा. सगळ्यांची पाने उठल्यावर बाई बसते. भात उरला तर उरला, वरण पातेल्याच्या बुडाशी गेलेले, भाजीचा नुसता रस्सा. जी सर्वांत जास्त चालली, तिचे ताट सर्वांत शेवटी आणि सर्वांत हलके. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, पण ताटाची ही रीत त्यांत नाही असे कोण म्हणेल?

म्हणून हा हिशेब दोन्हीकडून करा. तुमचा दिवस खुर्चीत जात असेल, तर चाललेले खुशाल वजा करा आणि चहातली साखर कमी करा. पण तुमच्या शेतावर रोवणीला बाया येत असतील, घरी धुण्याभांड्याला येणारी बाई तीन किलोमीटर चालत येत असेल, किंवा तुमची स्वतःची सून पहाटेपासून पाणी, शेत आणि घर अशा खेपा घालत असेल, तर तिच्या ताटाकडे बघा. भाताबरोबर डाळ घट्ट हवी. लाखोळीची नाहीतर चवळीची पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, परवडेल तेव्हा अंडे किंवा तलावातली मासळी. आणि हो, ते तिने सगळ्यांबरोबर बसून खावे. “मला भूक नाही” हे वाक्य आपण बायका फार सहज बोलतो. हिशेब येत असला, की ते खरे की खोटे ते कळते.

वहीत लिहून ठेवा

• सपाट रस्ता : वजनाचा निम्मा आकडा = दर किलोमीटरच्या कॅलरी.
• कच्ची वाट : दहा टक्के जास्त. झुडपांची पायवाट : वीस टक्के. चिखल : जवळजवळ दुप्पट.
• शंभर मीटर चढ : वजनाला ०.९ ने गुणा, आणि तेवढ्या वाढवा.
• ओझे किंवा कडेवरचे मूल : ते आपल्या वजनात मिळवा.
• यंत्राचा आकडा : तीस टक्के कमी धरा.

हे सगळे अंदाज आहेत. दोघी मैत्रिणी जोडीने चालल्या, तरी दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे होणारच. कॅलरी कमी गेल्या म्हणून चालणे फुकट गेले असेही नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा चालीने चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या शतपावलीने रक्तातली साखर आटोक्यात राहायला मदत होते. हाडे, झोप आणि मन यांना होणारा लाभ तर कुठल्याच यंत्रावर दिसत नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघ्याचे दुखणे असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारून सुरुवात करा.

आणि गोंदियाला यायचे असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. धान कापणीला आलेले असते, तलाव भरलेले असतात. चांगल्या तळव्याचे बूट, पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल एवढे बरोबर घ्या. वाटेत डोक्यावर मोळी घेतलेली कुणी बाई समोरून आली, तर बाजूला होऊन तिला वाट द्या. तिचा हिशेब आता तुम्हांला मांडता येतो.